घरच्या नेटची वाटणी: जुन्या पीसीवर ओपनडब्ल्यूआरटी, राउटिंग आणि वेगमर्यादा

रात्री साडेनऊला आमच्या घरात एकाच वेळी चार गोष्टी चालतात. खालच्या खोलीत बायकोची ऑनलाइन शिकवणी, हॉलमध्ये आईची मालिका, माझा लॅपटॉप, आणि वर भाड्यानं राहणारी कॉलेजची तीन पोरं. पावणेदहा झाले की जिन्यातून हाक येते, "काका, नेट गंडलंय काय?" आणि त्याच मिनिटाला आतून, "अहो, माझा आवाज परत तुटायला लागला बघा!"

मीही आधी सगळे करतात तेच केलं. ३० एमबीपीएसचा प्लॅन ५० चा केला. दोन दिवस बरं वाटलं, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग एका रविवारी अडगळीतला जुना आय३ डेस्कटॉप खाली काढला, त्यावर ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीची मोफत लिनक्स प्रणाली) चढवलं आणि लाइनीचा ताबा स्वतःकडे घेतला. प्लॅन आजही ५० चाच आहे, हाक मात्र बंद झाली. त्या रविवारी जे केलं आणि नंतर चुकतमाकत जे सुधारलं, ते इथं क्रमानं सांगतो. मेनूंची आणि आदेशांची नावं स्क्रीनवर रोमन लिपीत दिसतील, मी ती बोलतो तशी लिहिली आहेत.

दुखणं वेगाचं नाही, रांगेचं आहे

आधी मोजा, मग हात घाला. लॅपटॉप केबलनं राउटरला जोडा, टर्मिनल उघडा आणि ८.८.८.८ या गूगलच्या पत्त्याला पिंग लावून ठेवा, म्हणजे तिथवर जाऊन परत यायला किती वेळ लागतो ते दिसत राहील. घरात कुणी काही वापरत नसताना आकडे बघा. माझ्याकडे ७ ते ९ मिलिसेकंद येत होते. आता पिंग चालू ठेवूनच मोबाइलवरून एखादा मोठा व्हिडिओ क्लाउडवर चढवा. माझ्याकडे आकडा ४० झाला, मग १८०, मग ६२० वर जाऊन बसला. चढवणं थांबवल्यावर चार सेकंदांत परत ८.

याला बफरब्लोट म्हणतात. प्रोव्हायडरनं बसवलेल्या डब्यात पॅकेट, म्हणजे डेटाचे छोटे तुकडे, साठवायची जागा असते. लाइन भरली की पॅकेट तिथं रांगेत उभी राहतात. फाइल चढवणाऱ्या प्रोग्रॅमला पॅकेट गळाल्याशिवाय कळतच नाही की पुढं जागा नाही, म्हणून तो ढकलत राहतो. समजा डब्यात १ मेगाबाइटची रांग साठली आणि अपलोड १० एमबीपीएस आहे. १ मेगाबाइट म्हणजे ८ मेगाबिट, ते बाहेर पडायला ०.८ सेकंद लागणार. बायकोच्या आवाजाचं चिमूटभर पॅकेट त्या सगळ्यांच्या मागं उभं. प्लॅन मोठा केला तर रांग थोडी लवकर सरकते इतकंच, आणि वापरणारे तो वाढलेला वेगही भरून टाकतात.

उपाय असा, की रांग त्या डब्यात लागूच द्यायची नाही. आपल्या यंत्रात लावायची आणि तिथं कुणी आधी जायचं ते आपण ठरवायचं. त्यासाठी लाइनीच्या क्षमतेपेक्षा थोडं कमीच पाणी सोडायचं. कोल्हापूरकराला हे समजावून सांगावं लागत नाही. राधानगरीचे सात स्वयंचलित दरवाजे धरण भरल्याशिवाय उघडत नाहीत, प्रोव्हायडरचा डबाही तसाच, गळ्यापर्यंत आल्यावर जागा होतो. राजाराम बंधाऱ्यावर मात्र पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे आकडे पावसाळ्यात शेंबड्या पोरालाही पाठ असतात. ३९ ला ४३ नं भागून बघा, ०.९०७ येतं. नेटच्या लाइनीलाही सुरुवातीला साधारण नव्वद टक्क्यांवरच लगाम घालतात. निव्वळ योगायोग आहे, पण आकडा डोक्यात बसतो.

यंत्र कुठलं घ्यायचं

दोन नेटवर्क पोर्ट असलेला कुठलाही ६४ बिटचा जुना पीसी चालतो. मदरबोर्डवर एक पोर्ट असतोच, दुसऱ्यासाठी सेकंडहँड कार्ड घ्या. मिळालं तर दोन पोर्टचं इंटेलचं कार्ड घ्या, म्हणजे एकूण तीन पोर्ट होतात. तिसरा भाडेकरूंसाठी लागणार आहे. यूएसबीला लावायचे लॅन अडॅप्टर या कामाला घेऊ नका. चालतात, पण गरम झाले की मधेच गायब होतात आणि दोष मात्र प्रोव्हायडरला जातो. रॅम १ जीबी असली तरी पुरे, डिस्क जुनी छोटी एसएसडी.

विजेचा हिशेब आधीच करा. माझा पीसी सरासरी ३५ वॅट खातो. दिवसाचे २४ तास, महिन्याचे ३० दिवस, म्हणजे २५.२ युनिट. ८ वॅटचा साधा राउटर तेवढ्याच वेळात पावणेसहा युनिट घेतो. इन्व्हर्टर लहान असेल किंवा बिल टोचत असेल, तर ओपनडब्ल्यूआरटी चालणारा राउटरच विकत घ्या. खालच्या सगळ्या पायऱ्या त्यालाही लागू आहेत, फक्त चढवायची रीत मॉडेलप्रमाणे बदलते. २००४ साली हे सगळं सुरू झालं तेच एका राउटरवर, लिंकसिसच्या डब्ल्यूआरटी५४जी वर. नावातलं डब्ल्यूआरटी तिथूनच आलं.

प्रोव्हायडरकडून तीन गोष्टी विचारून कागदावर लिहून ठेवा: पीपीपीओईचा (लॉगिन करून लाइन जोडायच्या पद्धतीचा) युजरनेम आणि पासवर्ड, लाइनीला व्हीलॅन क्रमांक (एकाच तारेतली वाहतूक वेगळी ओळखायची खूण) लागतो का, आणि ओएनटीचा डबा, म्हणजे फायबर जिथं येऊन संपते तो प्रोव्हायडरचा डबा, ब्रिज मोडमध्ये (स्वतः राउटिंग न करता नुसता पूल म्हणून) टाकून देतील का. आमच्याकडं आलेला पोरगा म्हणाला, "ब्रिज कशाला पाहिजे, कुणी मागत नाही." मागा. नम्रपणे दोनदा मागितलं की देतात. नाहीच दिलं तरी अडत नाही, त्याचा मार्ग पुढं आहे.

चढवणं

ओपनडब्ल्यूआरटीच्या डाउनलोड पानावरून चालू स्थिर आवृत्तीची एक्स८६, ६४ बिट, जेनेरिक ही इमेज घ्या. त्यातही स्क्वॉशएफएस कम्बाइन्ड घ्या, कारण काही बिघडलं तर तिला एका आदेशात मूळ स्थितीवर आणता येतं. पीसी अलीकडचा असेल तर ईएफआय लिहिलेली, जुना बायोस असेल तर साधी. ईएफआय असेल तर बायोसमध्ये सिक्युअर बूट बंद करा.

इमेज दाबलेली असते, ती आधी उलगडा. मग एसएसडी यूएसबीच्या केसमध्ये घालून दुसऱ्या कॉम्प्युटरला लावा आणि एचर किंवा डीडी या प्रोग्रॅमनं इमेज तिच्यावर लिहा. डीडी वापरणार असाल तर डिस्कचं नाव दोनदा वाचा. ते विचारत नाही, सरळ पुसतं. माझ्या एका मित्रानं याच नादात लग्नाचे फोटो घालवले आणि वर्षभर घरात ऐकून घेतलं.

एसएसडी पीसीत लावून सुरू करा. एक्स८६ वर पहिला पोर्ट, म्हणजे ईटीएच०, घराकडचा असतो आणि ईटीएच१ नेटकडचा. कार्ड वाढवलं असेल तर पाठीमागचा कुठला पोर्ट कुठल्या नावाचा हे अंदाजानं ठरवू नका. एकेक केबल लावा आणि कुठल्या नावाखाली लिंक आली ते बघून पोर्टावर मार्करनं लिहा. लॅपटॉप घराकडच्या पोर्टला लावून ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ उघडा. लुसी नावाचं पान येईल. युजर रूट, पासवर्ड रिकामा. सगळ्यात आधी तो पासवर्ड ठेवा. लुसीला मराठी भाषांतराचं पॅकेजही आहे, पण अडलं की शोधायचं असतं ते इंग्रजी नावानं, म्हणून मी इंग्रजीच ठेवलं.

आता मी ज्यात दीड तास घालवला ती गोष्ट. ओएनटीचा पत्ताही १९२.१६८.१.१, ओपनडब्ल्यूआरटीचाही तोच. दोन्हीकडं एकच जाळं आहे म्हटल्यावर पॅकेट कुठल्या दारानं बाहेर काढायचं हे राउटरला कळेना. मी केबली बदलत बसलो. नेटवर्कमध्ये इंटरफेसेस, तिथं लॅन (घराकडची बाजू), आणि पत्ता १९२.१६८.५०.१ असा करा. सेव्ह केल्यावर लॅपटॉपची केबल काढून परत लावा आणि नव्या पत्त्यावर पान उघडा. हे दीड मिनिटात करा, कारण तेवढ्यात लुसीला तुमची हालचाल दिसली नाही तर ती जुना पत्ता परत आणते.

राउटिंग: पॅकेटला दार दाखवणं

ओएनटी ब्रिज झाला असेल तर इंटरफेसेसमध्ये वॅन (नेटकडची बाजू) उघडा, प्रोटोकॉल पीपीपीओई करा, युजरनेम-पासवर्ड भरा. व्हीलॅन क्रमांक मिळाला असेल, समजा १००, तर डिव्हाइसच्या जागी ईटीएच१ पुढं टिंब देऊन १०० लिहा. ब्रिज नसेल तर वॅनला डीएचसीपी क्लायंटच (म्हणजे पत्ता आपोआप मागून घेणारं) राहू द्या. मग नॅट (घरातल्या सगळ्या पत्त्यांना बाहेर एकच पत्ता लावणं) दोनदा होतो, पण वेगाच्या वाटणीला त्यानं काही बिघडत नाही.

जोडणी होत नाही आणि पासवर्ड तर बरोबर आहे, असं झालं तर प्रोव्हायडरला फोन करून "जुना मॅक सोडा" असं सांगा. बरेच जण लाइन पहिल्या राउटरच्या मॅक पत्त्याला, म्हणजे त्याच्या नेटवर्क कार्डाच्या ओळख क्रमांकाला, बांधून ठेवतात.

जोडणी झाली की स्टेटसमधल्या राउटिंगच्या पानावर जा. पत्ता ०.०.०.०/० असलेली ओळ शोधा, तीच डिफॉल्ट राउट. "ज्याचा पत्ता मला माहीत नाही ते सगळं या दारानं" असा तिचा अर्थ. तिच्यापुढं पीपीपीओई-वॅन दिसायला पाहिजे. दुसरी ओळ १९२.१६८.५०.०/२४ ची, ती घराकडं. कर्नल (लिनक्सचा गाभा) पत्ता बघतो, सगळ्यात नेमकी जुळणारी ओळ निवडतो आणि पॅकेट त्या दाराला देतो. राउटिंग म्हणून ज्याचा बाऊ केला जातो ते घरापुरतं इतकंच. साध्या लिनक्सवर आयपी फॉरवर्डिंग स्वतः सुरू करावं लागतं, नॅटचे नियम हातानं लिहावे लागतात. ओपनडब्ल्यूआरटीत दोन्ही आधीच चालू असतात, पण फायरवॉलच्या पानावर वॅनच्या ओळीत मास्करेडिंग (म्हणजे नॅट) आणि एमएसएस क्लॅम्पिंग (पॅकेटचा आकार मावेल तितकाच ठेवणं) या दोन्ही खुणा आहेत का ते डोळ्यांनी बघून घ्या. पीपीपीओई प्रत्येक पॅकेटमागं ८ बाइट खातं, म्हणून १५०० ऐवजी १४९२ बाइटच आत मावतात. क्लॅम्पिंग नसेल तर बाकी सगळं चालतं आणि एखादी बँकेची साइट अर्धी उघडून फिरत बसते. तेव्हा संशय पहिला इथं घ्या.

वॅनला मिळालेला पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशानं सुरू होत असेल, तर तुम्ही प्रोव्हायडरच्या मोठ्या नॅटमागं आहात. बाहेरून घरच्या कॅमेऱ्यात सरळ शिरता येणार नाही. बाकी काही फरक नाही.

जुना वायफाय राउटर फेकू नका. त्याचा डीएचसीपी (पत्ते वाटायचं काम) बंद करा, पत्ता १९२.१६८.५०.२ ठेवा आणि केबल त्याच्या वॅनमध्ये न लावता लॅनच्या पोर्टात लावा. वॅनमध्ये लावली तरी नेट चालतं, आणि म्हणूनच ही चूक महिनोन् महिने लपून राहते. पण मग घरातले सगळे मोबाइल ओपनडब्ल्यूआरटीला एकच यंत्र म्हणून दिसतात आणि पुढची माणसागणिक वाटणी होतच नाही.

मग डीएचसीपीच्या पानावर स्टॅटिक लीजेसमध्ये महत्त्वाच्या यंत्रांना कायमचे पत्ते द्या, शेवटचा आकडा ठरवून: बायकोचा लॅपटॉप १०, टीव्ही २०, असे. हल्लीचे मोबाइल स्वतःचा मॅक पत्ता बदलून सांगतात. घरच्या वायफायपुरता तो प्रकार मोबाइलच्या सेटिंगमध्ये बंद करा, नाहीतर एकच फोन चार नावांनी हजेरी लावतो.

एसक्यूएम: खरं काम

सिस्टिममधल्या सॉफ्टवेअरच्या पानावरून यादी ताजी करा आणि लुसी-ॲप-एसक्यूएम बसवा. एसक्यूएम म्हणजे स्मार्ट क्यू मॅनेजमेंट, रांग सांभाळणारा भाग. नेटवर्क मेनूत एसक्यूएम क्यूओएस दिसायला लागेल.

त्याआधी वेग मोजायचा. एकदा मोजून भागत नाही. मी दोन दिवस सकाळी सातला, दुपारी आणि रात्री साडेनऊला, केबलनं, घरात दुसरं काही चालू नसताना मोजला. सकाळी ४९ यायचे, रात्री ४२. अपलोड सगळ्या वेळी ४६ च्या आसपास. लगाम घालायचा तो वाईट वेळेच्या आकड्यावर. सकाळच्या ४९ वर हिशेब केलात तर नेमकं गर्दीच्या वेळी रांग पुन्हा प्रोव्हायडरच्या डब्यात जाऊन बसते. ४२ चे नव्वद टक्के म्हणजे ३७.८, मी ३८ धरले. अपलोड आपल्याच हातातून सुटतं, तिथं थोडं ढिलं चालतं, ४३ ठेवले.

बेसिक सेटिंग्जमध्ये इंटरफेस पीपीपीओई-वॅन निवडा, पीपीपीओई नसेल तर वॅनचा पोर्ट. खालचे दोन रकाने किलोबिटमध्ये आहेत, हे मी सांगतोय कारण मी पहिल्यांदा डाउनलोडमध्ये ३८ लिहून सेव्ह केलं होतं. लुसीचं पान झरझर उघडत होतं, कारण ते घरातल्या घरात. बाहेरचं सगळं डायल-अपच्या काळात गेलं. बायकोच्या वर्गातली पोरं पुतळ्यासारखी थिजली, ती दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "तुम्ही काय दुरुस्त करताय ते थांबवा आधी." तर ३८००० आणि ४३०००. शून्य लिहिलंत तर त्या दिशेला मर्यादाच लागत नाही, हेही ध्यानात ठेवा.

क्यू डिसिप्लिनच्या टॅबमध्ये केक निवडा आणि स्क्रिप्ट पीस ऑफ केक. रांग लांबायला लागली की वेळीच पॅकेट टाकून पाठवणाऱ्याला इशारा द्यायचा, ही कोडेल नावाची युक्ती कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मध्ये मांडली. तिच्यात प्रत्येक जोडणीला वेगळी रांग देण्याची भर पडून एफक्यू-कोडेल झालं, आणि घरगुती लाइनीला लागणारं सगळं एकत्र करून केक. तो २०१८ पासून, ४.१९ आवृत्तीपासून, लिनक्सच्या कर्नलमध्येच आहे.

लिंक लेयर ॲडॅप्टेशनमध्ये इथरनेट निवडून ओव्हरहेड ४४ भरा. प्रत्येक पॅकेटवर तारेत आणखी काही बाइट चढतात, त्यांचा हिशेब हा. ४४ थोडा जास्तीचा आहे, पण जास्त धरल्यानं फार तर इवलासा वेग जातो. कमी धरला तर लहान पॅकेटांच्या गर्दीत लगाम सुटतो.

आणखी एक खूण तपासा. फायरवॉलच्या पानावर खाली सॉफ्टवेअर फ्लो ऑफलोडिंग असतं, ते बंद हवं. वेग वाढतो म्हणून काही जण ते चालू करतात. त्यात पॅकेट आडवाटेनं निघून जातात आणि एसक्यूएमला दिसतच नाहीत.

सेव्ह करून परत तोच प्रयोग करा, पिंग चालू आणि व्हिडिओ चढवणं चालू. माझ्याकडं ६२० च्या जागी ११ ते १६ आलं. पिंगची खिडकी मी दहा मिनिटं नुसती बघत बसलो होतो, खोटं कशाला बोलू. तुमच्याकडं आकडा अजूनही ५० च्या वर उडत असेल तर अपलोड आणखी २००० नं उतरवा, पुन्हा मोजा. पिंग स्थिर झाला की हजार-हजारानं वर चढवत जा आणि जिथं तो डळमळतो त्याच्या खाली थांबा.

माणसागणिक वाटा

एवढ्यावर केक प्रत्येक जोडणीला सारखा वाटा देतो. ऐकायला न्याय्य वाटतं, पण टॉरेंट चाळीस जोडण्या उघडतो आणि व्हिडिओ कॉल एक-दोन. म्हणजे जो हावरट त्यालाच चाळीस पंगती. वाटणी यंत्रागणिक करायची असेल तर क्यू डिसिप्लिनच्या टॅबमध्ये ॲडव्हान्स्ड आणि त्याखालच्या डेंजरस या दोन्ही खुणा करा. नाव भीतिदायक आहे, काम साधं. इनग्रेसच्या (आत येणाऱ्या वाहतुकीच्या) रकान्यात तीन शब्द लिहा: नॅट, ड्युअल-डीएसटीहोस्ट, इनग्रेस. इग्रेसच्या (बाहेर जाणाऱ्या वाहतुकीच्या) रकान्यात दोन: नॅट, ड्युअल-एसआरसीहोस्ट. सगळे लहान अक्षरांत, मधे एकेक जागा. नॅट हा शब्द विसरलात तर केकला घरातले पत्ते दिसत नाहीत, बाहेरचा एकच पत्ता दिसतो आणि सगळं घर एक माणूस ठरतं.

आता पाच यंत्रं एकदम ओढायला लागली तर प्रत्येकाला पाचवा हिस्सा, आणि बाकीचे झोपले की उरलेल्याला सगळी लाइन. बहुतेक घरांनी इथंच थांबावं असं माझं मत आहे. ठोक मर्यादा म्हणजे पहाटे तीनला लाइन रिकामी असतानाही पोराला १० च देणं. त्यातून कुणाचंच भलं होत नाही.

भाडेकरूंसाठी वेगळं जाळं आणि ठोक मर्यादा

तरीही काही ठिकाणी ठोक आकडा लागतोच. आमच्याकडं भाड्यात नेट धरलेलं आहे, "२० एमबीपीएसपर्यंत" असं बोलणं झालंय. शिवाय वरच्या पोरांच्या मित्रांचे फोन माझ्या प्रिंटरच्या आणि आईच्या टीव्हीच्या जाळ्यात मला नकोत. म्हणून तिसरा पोर्ट.

इंटरफेसेसमध्ये नवा इंटरफेस जोडा, नाव छोटं ठेवा, मी "वर" ठेवलं आहे. प्रोटोकॉल स्टॅटिक, डिव्हाइस ईटीएच२, पत्ता १९२.१६८.६०.१, मास्क २५५.२५५.२५५.०. डीएचसीपी सर्व्हरच्या टॅबमध्ये तो सुरू करा. फायरवॉलच्या टॅबमध्ये नवा झोन तयार करा. मग फायरवॉलच्या पानावर त्या झोनचं इनपुट रिजेक्ट, आउटपुट ॲक्सेप्ट, फॉरवर्ड रिजेक्ट, आणि पुढं जायला परवानगी फक्त वॅनकडं. लॅनकडं नाही.

इनपुट बंद केलं की त्या पोरांना पत्ताही मिळत नाही आणि नावंही सापडत नाहीत. म्हणून ट्रॅफिक रूल्समध्ये दोन नियम हवेत. त्या झोनकडून या यंत्राकडं येणारा यूडीपी पोर्ट ६७ चालू, हा पत्ते वाटण्यासाठी. टीसीपी आणि यूडीपी पोर्ट ५३ चालू, हा डीएनएससाठी. वर एक साधा वायफाय डबा ॲक्सेस पॉइंट म्हणून लावला की झालं.

मर्यादेसाठी एसक्यूएममध्ये दुसरी नोंद करा, इंटरफेस ईटीएच२. आता इथं सगळे फसतात, मीही फसलो. एसक्यूएम इंटरफेसच्या नजरेतून बघतं. वॅनवर आत येतं ते डाउनलोड. पण ईटीएच२ वर आत येतं ते पोरांचं अपलोड, आणि बाहेर जातं ते त्यांचं डाउनलोड. रकाने उलटे भरायचे. पोरांना २० खाली आणि १० वर द्यायचे असतील तर डाउनलोडच्या रकान्यात १०००० आणि अपलोडच्या रकान्यात २००००. मी सरळ भरलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी वरचा एक जण म्हणाला, "काका, फोटो लई भारी चढायलेत, पण बघायला काय मिळंना."

एखाद्या यंत्राच्या आयपीव्ही४ पत्त्यावर नियम लावून वेग रोखायचाही मार्ग आहे, एनएफटेबल्सच्या, म्हणजे लिनक्सच्या फायरवॉलच्या, लिमिट नियमानं. दोन कारणांनी मी तो सोडला. लाइनीवर आयपीव्ही६ असेल तर तेच यंत्र दुसऱ्या पत्त्यानं मोकळं सुटतं. शिवाय तो नियम रांग लावत नाही, मर्यादेवरचं पॅकेट सरळ टाकून देतो, त्यामुळं वेग हेलकावे खातो. वापरायचाच असेल तर तिथला आकडा बिटमध्ये नसून बाइटमध्ये असतो, २० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला २५०० किलोबाइट.

रात्री अकरानंतर टीव्हीचं नेट बंद, असली वेळेची मर्यादा ट्रॅफिक रूल्समधल्या टाइम रिस्ट्रिक्शन्समधून लागते. आधी सिस्टिममध्ये टाइमझोन एशिया-कोलकाता करा. आणि अकराला चालू व्हिडिओ तटकन थांबेल अशी अपेक्षा ठेवू नका. आधीपासून जुळलेल्या जोडण्यांना फायरवॉल नियमांच्या आधीच वाट देते, नियम लागतो तो नव्या जोडणीला. आमच्या आईच्या मालिकेचा भाग त्यामुळं नेहमी पुरा होतो, आणि तो मी तसाच राहू दिलाय.

चाललंय का, ते कसं बघायचं

टर्मिनलमधून रूट म्हणून आत जा आणि टीसी, मग आडवी रेघ आणि एस, मग क्यूडिस्क असं लिहा. केकच्या नावाखाली आकड्यांचा तक्ता येतो. ड्रॉप्सचा आकडा बघून दचकू नका, पॅकेट टाकणं हेच त्याचं काम. तो आकडा कायम शून्यच असेल तर उलट शंका घ्या, लगाम इतका ढिला आहे की रांग अजून दुसरीकडंच लागते. मुख्य लाइनीसाठी केकची नोंद दोनदा दिसेल, एक पीपीपीओई-वॅनवर आणि एक आयएफबीनं सुरू होणाऱ्या नावावर. आत येणाऱ्या वाहतुकीला रांग लावता यावी म्हणून उभं केलेलं ते खोटं दार आहे.

दुसरं, टॉप हा आदेश लावा आणि पूर्ण वेगानं काहीतरी उतरवताना एसआयआरक्यू बघा, म्हणजे पॅकेट हाताळण्यात प्रोसेसरचा किती टक्के वेळ जातो ते. जुन्या आय३ वर ५० एमबीपीएसला तो आकडा हलतसुद्धा नाही. पण छोट्या राउटरवर ३०० चा प्लॅन असेल तर तोच नव्वदला टेकतो. मग दोष सेटिंगचा नसतो, जीव कमी पडतोय.

आणि केबलनं सगळं उत्तम, फक्त वायफायवरच अडखळतंय, असं असेल तर एसक्यूएमला हात लावू नका. जाड भिंतीमागच्या खोलीत सिग्नलच पोचत नाही, त्याला केक काय करणार?

वीज गेल्यावर

पावसाळ्यात दिवसातून दोनदा वीज जाते-येते. पीसी राउटर म्हणून ठेवायचा तर बायोसमध्ये वीज परतल्यावर आपोआप सुरू व्हायची सेटिंग चालू करा. माझ्याकडं ती दर वेळी विसरली जायची, कारण मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल मेला होता. घड्याळही दर वेळी मागं जायचं, त्यामुळं नेट जुळेपर्यंत वेळेचे नियम भलत्याच वेळी लागायचे. सीआर२०३२ नावाचा तो सेल घड्याळाच्या कुठल्याही दुकानात मिळतो. बदलला आणि दोन्ही आजार गेले. ओएनटी, पीसी आणि वायफायचे डबे एकाच इन्व्हर्टरच्या लाइनीवर आहेत का तेही बघा. पीसी चालू आणि ओएनटी बंद, असं आमच्याकडं आठवडाभर कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

सगळं जमलं की सिस्टिममध्ये बॅकअपच्या पानावरून सेटिंगची फाइल उतरवून घ्या. तिच्यात सेटिंग असतात, पण बसवलेली पॅकेजं नसतात. आवृत्ती बदललीत तर लुसी-ॲप-एसक्यूएम पुन्हा बसवावं लागेल, मग जुने आकडे आपोआप लागू होतात. माझी फाइल एका पेन ड्राइव्हवर आहे. तो पेन ड्राइव्ह आणि पीपीपीओईचा पासवर्ड लिहिलेला कागद, दोन्ही पीसीच्या डब्याला आतून चिकटपट्टीनं लावून ठेवले आहेत.